तुम्ही विचारलंत म्हणून: एसएसडी असताना ती हार्ड डिस्क कशाला?

हे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून मोकळी. प्रश्न असा, की तुझ्याकडे खिशात मावणारी २ टीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह, आहे, सेकंदाला हजारेक एमबीने फाइली जातात, मग काम संपल्यावर सगळं परत कॉपी करायला ती खरखरणारी हार्ड डिस्क लावून का बसतेस. भाऊ विचारतो, बरोबर एडिटिंग करणारे विचारतात, आणि ज्यांना मीच एसएसडी घ्यायला लावली ते तर जास्तच विचारतात.

आधी एक सांगते, मी एसएसडीच्या विरोधात नाहीये. दिवसभराचं एडिटिंग थेट तिच्यावरूनच चालतं, दोन कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज एकत्र चालवलं तरी अडकत नाही, बॅगेत आपटते, टेबलावरून पडते, काही होत नाही. तिचे नखरेही माहितीयेत. "स्पीडच येत नाही" म्हणून फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मोबाइल चार्जरची टाइप-सी केबल लावलेली असते, जी आतून यूएसबी २.० असते, म्हणजे कागदावर ४८० मेगाबिट आणि प्रत्यक्षात सेकंदाला चाळीसेक एमबी. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात, कळणार कसं? २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोला १० गिगाबिटचा पोर्ट आला आणि बॉक्समधली केबल मात्र यूएसबी २ चीच होती, तिथे बाकीच्यांचं काय बोलायचं. मोठी कॉपी लावली की सुरुवातीला सुसाट आणि कॅश, म्हणजे आतली वेगवान तात्पुरती जागा, भरली की धाडकन खाली, हेही असतंच. पण ह्या सगळ्याबरोबर राहता येतं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं. एका वयस्कर बाईंची लांबलचक मुलाखत घेत होतो, सलग दोन दिवस, दोन कॅमेरे. पहिल्या दिवशीचं सगळं रात्री हार्ड डिस्कवर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं शूट जेवणाच्या सुट्टीत एसएसडीवर घेतलं, फाइली उघडून बघितल्या, कार्डं फॉरमॅट केली. "फॉरमॅट का केलीस?" अहो, कार्डं मोजकीच होती आणि दुपारचं शूट व्हायचं होतं, ते कशावर घ्यायचं? संध्याकाळी दुपारची कार्डं एसएसडीवर कॉपी करायला लावली. ६० टक्क्यांच्या आसपास बार थांबला. मला वाटलं कॅश भरली, येईल परत. मग लिस्टमधून ड्राइव्हच गायब. हात लावला तर केस चांगलीच तापलेली, पण कॉपी चालू असताना तापतेच ती. काढली, गार होऊ दिली, परत लावली. दिवा लागला. दुसरी केबल, दुसरा पोर्ट, दुसरा लॅपटॉप, सगळीकडे तेच. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाव दिसत होतं आणि पुढे "नो मीडिया", साइझ शून्य. म्हणजे यूएसबीशी बोलणारी ब्रिज चिप जिवंत, आणि तिच्या मागे जिथे माझी सकाळ होती तिथून उत्तरच नाही.

"सेफली रिमूव्ह केलं नसशील." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकूनच डोकं फिरतं. कॉपी चालू होती, कोणी काढली होती ती? आणि मध्येच उपटल्याने एक्सफॅटचा, म्हणजे ड्राइव्हवरच्या फाइलींच्या मांडणीचा, घोळ झाला तर विंडोज म्हणतं "फॉरमॅट करा", साइझ शून्य दाखवत नाही.

डेटा रिकव्हरीवाल्यांकडे नेली. मला वाटलं होतं आत एम.२ ची पट्टी, म्हणजे काढता-घालता येणारी छोटी एसएसडी, असेल, ती काढून दुसऱ्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, घालतील, चालेल. पण सगळं एकाच बोर्डवर सोल्डर केलेलं. चिप उपटून वाचा म्हटलं, तर ते म्हणाले ह्या मॉडेलमध्ये कंट्रोलर, म्हणजे लिहिणं-वाचणं सांभाळणारी चिप, सगळं एन्क्रिप्ट करूनच लिहितो, तुम्ही पासवर्ड ठेवा न ठेवा, कंट्रोलर गेला की चिपमधलं वाचून काही हाती लागत नाही. कंपनीने वॉरंटीत नवी ड्राइव्ह दिली, अगदी सीलबंद आणि रिकामी. डेटा वॉरंटीत नसतो, ते तिथे बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं.

त्या बाईंकडे परत गेलो. त्यांनी तेच परत सांगितलं, न चिडता, पण थोडक्यात. पहिल्या वेळी बोलता बोलता मध्येच उठून आतून एक वही आणून दाखवली होती, ती ह्या वेळी आलीच नाही आणि मागायचा मला धीर झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल हार्ड डिस्क काय अमर आहे का. नाही. हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचे, की हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, वर हेड तरंगतं, एक धक्का आणि संपलं, एसएसडीत हलणारं काही नाहीच तर बिघडणार काय? आणि ती तेव्हाची मी अगदीच चुकीची नव्हते. माझी एक हार्ड डिस्क पडूनच गेलीये. फक्त ती जायच्या आधी टकटक करत होती, अडखळत होती, तेवढ्यात मी निम्मंअधिक काढून घेतलं. एसएसडी बल्बसारखी गेली. अर्थात प्रत्येक हार्ड डिस्क सांगून जात नाही, हेही खरंय, मग माझा मुद्दा थोडा लंगडा पडतो.

काही जण माझ्या बाजूने बोलायला येतात आणि जास्त त्रास देतात. "बरोबर आहे, एसएसडी वर्षभर नुसती ठेवली की डेटा उडतो." असं नाहीये हो. जेडेक ह्या चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात तो एका वर्षाचा आकडा आहे, पण तो घरगुती वापराच्या ड्राइव्हसाठी, लिहिण्याची सगळी ठरलेली क्षमता वापरून झाल्यावर, ३० अंशाला बिनविजेची ठेवली तर. तुमची अर्धी रिकामी ड्राइव्ह त्यात बसत नाही. तरी वर्षानुवर्षं कपाटात टाकून द्यायला मी एसएसडी वापरणार नाही, तिथे त्याच पैशात कितीतरी जास्त जागा देणारी हार्ड डिस्कच बरी.

तर म्हणून बसते. ४०० जीबी हार्ड डिस्कवर जायला तासभर लागतो, त्या वेळात मी जेवते, मेसेजना उत्तरं देते, तुमचा प्रश्न येतो त्यालाही देते.

भाऊ परवा म्हणाला, मग दुसरी एसएसडीच घे ना, कॉपी दहा मिनिटांत, दोन्ही एकदम थोड्याच जाणारेत. ह्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. एकाच मॉडेलच्या दोन घ्यायच्या नाहीत एवढं म्हणाले, तो म्हणाला मग वेगळ्या घे. बघते म्हटलं. सध्या हार्ड डिस्कच लावते.