न्यूट्रल गेला, देवघरातला दिवा उजळला

"दादा, आमच्याकडे लाइट गेले नाहीत, जास्त आलेत." मी इलेक्ट्रिशियन; डिसेंबरातल्या एका संध्याकाळी साडेसातला आलेला हा फोन. डोंबिवलीतली जुनी तीन मजली इमारत, तळाला मीटर खोली. दहा मिनिटांत पोहोचलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर अंधार होता, कुणाच्या तरी टीव्हीच्या मागून धूर निघाला होता. पहिल्या मजल्यावरचे लोक दारात उभे राहून सांगत होते, आमचं सगळं व्यवस्थित आहे. फोन करणाऱ्या आजी दुसऱ्या मजल्यावरच्या. त्यांच्या देवघरात अजून ४० वॉटचा जुना तारेचा बल्ब आहे. रोज पिवळसर दिसणारा तो दिवा त्या दिवशी पांढराफेक पडला होता. बाजूच्या खोलीतला ९ वॉटचा एलईडी मात्र रोजच्यासारखाच, ना कमी ना जास्त.

तो बल्ब पाहिल्यावर आधी जिन्यातूनच ओरडलो, "फ्रिज, टीव्ही, गिझर, सगळं बंद करा. प्लग काढा." मग मीटर खोलीकडे पळालो.

तारेच्या बल्बमध्ये लपवाछपवी करायला काही नसतं. काचेत आर्गॉन आणि नायट्रोजनचं मिश्रण, मध्ये टंगस्टनची वेटोळी तार. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, तार साधारण अडीच हजार अंश सेल्सिअसवर चालते. व्होल्टेज वाढलं की तार तापते, प्रकाश वाढतो, तोही सरळ पटीत नाही, व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास. दुसऱ्या मजल्यावर २३० च्या जागी २८९ व्होल्ट होते, म्हणजे सव्वापट. प्रकाश दुपटीच्या वर. आयुष्य मात्र उलट्या बाजूने तेराव्या घाताच्या हिशेबाने कोसळतं. हजार तासांचा बल्ब या व्होल्टेजवर पन्नास तासांत संपेल.

एलईडी बल्बमध्ये मण्यांच्या, म्हणजे प्रकाश देणाऱ्या बारीक चिपच्या, आधी ड्रायव्हर बसलेला असतो. तो एसीचा डीसी करतो आणि मण्यांना ठरावीक करंट देतो. चांगल्या ड्रायव्हरला १०० व्होल्ट द्या की ३०० द्या, प्रकाश तेवढाच. हा त्याचा गुण. पण घरात काय चाललंय हे डोळ्यांना कळू न देणं हीसुद्धा त्याचीच करणी. पहिल्या मजल्यावर त्या वेळी १२१ व्होल्ट होते आणि एलईडी झक्क चालू होते. फ्रिजचा कॉम्प्रेसर मात्र उठता उठत नव्हता. घुर्र करायचा, जादा करंटला तोडणारा ओव्हरलोड 'टक' करून सुटायचा, थोड्या वेळाने पुन्हा घुर्र. पाहुण्यांसाठी लावलेला गिझर तासभर होऊनही पाणी कोमटच देत होता, त्याचाही कुणी विचार केला नव्हता. त्याच मजल्यावरची चोकवाली ट्यूब तर पेटलीच नव्हती, कारण एवढ्या कमी व्होल्टेजवर स्टार्टरमधला वायू चमकत नाही, आतली पट्टी तापून जुळत नाही, आणि पट्टी जुळून सुटल्याशिवाय चोक ट्यूबला पेटवणारा झटका देत नाही. घरच्यांनी ट्यूब गेली असं ठरवून एलईडी लावला आणि विषय संपवला. तिथे तारेचा बल्ब असता तर नेहमीच्या नवव्या हिश्श्याएवढा लालसर मिणमिणला असता आणि तासभर आधी फोन आला असता.

मेन बंद करायच्या आधी मी अर्ध्या मिनिटात मोजमाप घेतलं. लोड असतानाच हा दोष दिसतो, म्हणून तेवढी जोखीम घ्यावी लागते. इमारतीत वीज तीन फेजवर, म्हणजे तीन जिवंत तारांवर येते, एकेका मजल्याला एकेक; न्यूट्रल ही तिघांची सामायिक परतीची तार. फेज ते फेज तिन्हीकडे ४०० च्या जवळपास, म्हणजे सप्लाय ठीक. फेज ते अर्थ २३०. फेज ते न्यूट्रल पट्टी: १२१, २८९, ३१२. आणि न्यूट्रल ते अर्थ, जे एक-दोन व्होल्टच्या पुढे जाऊ नये, ते १११. त्या पट्टीला टेस्टर लावला तर तो पेटला. न्यूट्रल म्हणून लोक बिनधास्त हात लावतात, ती ही पट्टी.

न्यूट्रल तुटला की तीन मजले आपापल्या फेजवर स्वतंत्र राहत नाहीत, एकमेकांतून जोडले जातात. सोपं उदाहरण घ्या. दोनच फेज आहेत, एकावर २०० वॉटचा लोड, दुसऱ्यावर ८००. न्यूट्रल गेला की दोन्ही ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये येतात. कमी लोडचा रेझिस्टन्स चौपट, म्हणून त्याच्या वाट्याला ३२० व्होल्ट आणि मोठ्याच्या वाट्याला ८०. लोकांना वाटतं जास्त वापरणारा जळेल. जळतो तो काटकसरीने एक दिवा लावून बसलेला. इथे पहिल्या मजल्यावर गिझर चालू, तिसऱ्यावर दोन घरं बंद. तिसऱ्याला ३१२ मिळाले.

सेक्रेटरींनी विचारलं, "एमसीबी का पडला नाही?" एमसीबी जादा करंटला पडतो. इथे करंट जादा नव्हता, व्होल्टेज होतं. गळतीला पडणाऱ्या आरसीसीबीनेही हे पकडायचं कारण नाही, कारण जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच परत येतो, गळती कुठेच नाही. यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले वेगळा लावावा लागतो.

तुटलंय कुठे, हे शोधायला तीन इंच पुरले. येणारी केबल ३५ चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअर अॅल्युमिनियम, म्हणजे फेजचे तीन कोअर पूर्ण मापाचे आणि न्यूट्रलचा निम्मा, १६ चा. मेन स्विचमधल्या न्यूट्रलच्या लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या जोडकडीच्या, अलीकडे, केबलच्या उघड्या कोअरवर तिन्ही फेज ते न्यूट्रल २३०. लगच्या पलीकडे, लिंकवर, म्हणजे ती लग जिथे आवळतात त्या पट्टीवर, वरचे तीन आकडे. तेवढ्या जागेत अॅल्युमिनियमची लग पितळी लिंकवर बसवलेली होती. अॅल्युमिनियम तापल्यावर पितळेपेक्षा जास्त पसरतं, दाबाखाली हळूहळू सरकतं, आणि त्याच्यावर येणारा ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही. त्यात मीटर खोलीला ओल. दर संध्याकाळी तापायचं, रात्री थंड व्हायचं, प्रत्येक वेळी नट केसभर सैल. फेजची लग अशी गेली तर एका मजल्याचे लाइट जातात आणि लगेच बोंब होते. न्यूट्रलची लग शेवटपर्यंत काम करत असल्याचं सोंग करते. शिवाय घरोघरी एलईडी, टीव्ही, चार्जर झाल्यापासून न्यूट्रलवरचा भार पूर्वीसारखा राहिलेला नाही. ही उपकरणं करंट तुकड्यातुकड्याने ओढतात, त्यातले तिसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे मूळ विजेच्या तिप्पट वेगाने हेलकावणारे, भाग तिन्ही फेजचे एकमेकांना कापत नाहीत, न्यूट्रलमध्ये येऊन साचतात. आणि कोअर मात्र निम्म्या मापाचा.

मेन स्विच पाडून इथे भागत नाही. हा टीपीएन स्विच तीन फेज तोडतो, येणारी केबल जिवंतच राहते. वीज कंपनीच्या लाइनमनने कटआउटचे, म्हणजे मेन स्विचच्या आधीच्या पेटीतले, फ्यूज काढल्यावरच हात घातला. दोन इंच जळकी केबल कापली, नवा कोअर सोलून तारेच्या ब्रशने घासला, लगेच ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावली, दोन धातूंची बायमेटॅलिक लग षटकोनी डायने दाबून क्रिम्प केली. लिंक घासून स्प्रिंग वॉशरसह नट आवळला. अॅल्युमिनियमवर ओरडेपर्यंत आवळणारेही असतात. त्याने कोअर चेपून पुन्हा सैलच पडतो.

सप्लाय आल्यावर मीटरने २३० दाखवले म्हणून मी निघत नाही. डिजिटल मीटर इतका कमी करंट घेतो की अर्धवट सांध्यातूनही त्याला २३० दिसतात. सगळे मजले बंद ठेवून एका फेजवर १००० वॉटची इस्त्री लावली, दुसऱ्यावर ६० वॉटचा टेस्ट लॅम्प. इस्त्री चालू करताना लॅम्प उजळला तर न्यूट्रल अजून कच्चा. जराही हलला नाही तर पक्का. तिन्ही जोड्या अशा पाहिल्या. पिशवीतले हे तारेचे बल्ब मी याच कामासाठी जपतो, एलईडी इथे निरुपयोगी.

तिसऱ्या मजल्यावरचे अकरा बल्ब मेले होते. तीन उघडून पाहिले. एलईडी बल्ब नेहमीच्या मरणाने जातो तेव्हा उष्णतेने एखादा मणी जळतो, त्यावर काळा ठिपका दिसतो, आणि मणी सिरीजमध्ये असल्याने सगळी माळ विझते. इथे मणी स्वच्छ होते. कपॅसिटर फुगून डोक्यावरच्या खाचेत फाटलेला, सुरुवातीचा छोटा रेझिस्टर उडालेला. हिशेब सरळ आहे: कपॅसिटर ४०० व्होल्टचा, आणि डीसी होताना त्याच्यावर एसीचं शिखर येतं, म्हणजे १.४१ पट. २३० ला ३२५, ठीक. २८९ ला ४०९, काठावर, म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे बहुतेक वाचले. ३१२ ला ४४१.

रात्री अकराला आवरताना तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली, नवा बल्ब बटण बंद केलं तरी मिणमिणतो, अजून करंट गळतोय का? बोर्ड उघडला. बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत होतं. होल्डरवर फेज कायम, आणि वायरिंगच्या कपॅसिटन्समधून झिरपणारा सूक्ष्म करंट एलईडीला मिणमिणायला पुरतो. तारेच्या बल्बला तो जाणवतही नाही, म्हणून वीस वर्षं तिथे बटण बंद करून जिवंत होल्डरमधला बल्ब बदलला जात होता. दोन वायरींची अदलाबदल केली, बल्ब पूर्ण विझला.