कूलर कोरडा पडल्यावर

मी नागपुरात लग्नांचे व्हिडिओ काढतो. आमच्या धंद्यात अधिक महिना म्हणजे सक्तीची सुट्टी. २०१८ साली अधिक ज्येष्ठ आला, १६ मे ते १३ जून. ऐन सीझनमध्ये चार आठवडे एकही मुहूर्त नाही. कॅमेरा, लेन्स, लाइट सगळं घरात पडून, बाहेर नवतपा, मेअखेरचे ते सगळ्यात कडक नऊ दिवस. दोन वर्षं डोक्यात घोळणारी एक गोष्ट तेव्हा करून टाकायची ठरवली: दहा मिनिटांची फिल्म, जिच्यात कोणी अक्षरही बोलणार नाही.

गोष्ट घरातच सापडली होती. ताईच्या बाळंतपणाला आई अमरावतीला गेली होती. एका रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली. कूलर चालू, पंखा फिरतोय, पण अंगावर गरम हवा. खसवरून पाणी झिरपतानाचा जो बारीक आवाज असतो, तो नव्हता. टाकी कोरडी पडली होती. आमच्या कूलरची टाकी रात्रभर पुरत नाही, कधीच पुरत नव्हती, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं. इतके उन्हाळे कोणीतरी मध्यरात्री उठून दोन बादल्या ओतत होतं आणि मी झोपलेलो होतो. सकाळी आईला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "मंग? आपोआप भरते का ते?"

पुण्या-मुंबईच्या वाचकांना कूलर म्हणजे दुकानातला प्लास्टिकचा डबा आठवेल. आमचा कूलर म्हणजे खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला पत्र्याचा खोका. तीन बाजूंना खस, खाली टाकी, टाकीत मुठीएवढा पंप. पंप पाणी वर चढवतो, पाणी खसवरून उतरतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या खसमधून आत ओढतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेपर्यंतच ही सगळी मजा. पहिला पाऊस झाला की नुसती चिकचिक. मार्चमध्ये खस बदलायची, जूनमध्ये खोका उतरवायचा. नागपुरात उन्हाळा असा मोजतात.

तर फिल्म अशी: म्हातारा-म्हातारी. रोज रात्री कूलरचा आवाज बदलला की आजी उठते, बादली ओतते, परत येऊन झोपते. आजोबांची कूसही बदलत नाही. आजी जाते. मग एका रात्री कूलर कोरडा पडतो आणि आजोबा जागे होतात. बस, एवढंच.

कागदावर हे चार पानांत बसलं. पण लिहिताना शब्द गुपचूप आत शिरत होते. पहिल्या खर्ड्यात आजोबा पेपर वाचत होते, म्हणजे मथळे आले. मागे टीव्ही चालू होता. भिंतीवर तारखा दिसाव्यात म्हणून कॅलेंडर. शेवटी तर उशीखाली चिठ्ठी निघत होती. ती आठवली की आजही लाज वाटते. जिथे जिथे अडलो, तिथे तिथे मी छापील अक्षराचा आधार घेतला होता. मूकपट आणि निःशब्द चित्रपट यांतला फरक मला तेव्हा कळला. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ला आवाज नव्हता, पण पडद्यावर पाट्या येत होत्या, म्हणजे शब्द होते. मला नेमकं उलट हवं होतं. शब्द एकही नको, आवाज मात्र भरपूर.

आजोबा मिळाले ते झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या मुलखातले. काका तरुणपणी दिवाळीनंतरचे सगळे महिने वडश्याच्या एका मंडळीबरोबर फिरायचे. मंडपात रात्रभर नाटक, आणि शेवटच्या माणसापर्यंत आवाज गेलाच पाहिजे. त्यांना मी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "बोलाचंच नाही तं मले कायले बोलावलं बाप्पा?"

आजी मिळाल्या त्या घरासकट. महाल भागात, बडकस चौकाच्या मागच्या बाजूला एक जुनं कौलारू घर, पुढे आंगण, बाजूला टिनाची पडवी. घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. मी जागा मागायला गेलो होतो. काकूंनी विचारलं, आजीचं काम कोण करतंय? कोणीच मिळालं नव्हतं. "मी उठतेच रात्री पाणी टाकायला. तू फक्त फोटो काढ." त्या शेवटपर्यंत शूटिंगला फोटो काढणंच म्हणत होत्या.

शूटच्या आधी मी मोबाइलवर एक कच्ची आवृत्ती काढली. काका, काकू, दिवसाचा उजेड, सगळा कामचलाऊ कारभार. ती आठ-दहा जणांना दाखवली आणि घाम फुटला. कोणालाही आजी मेल्याचं कळलं नाही. "माहेरी गेली का?" एकाने विचारलं, "मुलीकडे गेली असेल, बाळंतपणाला." त्याचं चूक नव्हतं. माझी आई खरोखरच तिथे गेली होती.

मरण कसं दाखवायचं? हार घातलेला फोटो हे सगळ्यात सोपं उत्तर, म्हणूनच ते मला नको होतं. आपल्या सिनेमा-मालिकांनी तो फोटो इतका झिजवलाय की तो दिसला की प्रेक्षक आत काही होऊ न देता फक्त नोंद घेतो: बरं, वारली. ॲम्ब्युलन्सचा आवाज, रिकामी खुर्ची, घरंगळलेला चष्मा, सगळं लिहून काढलं आणि खोडलं. पाच दिवस त्यात गेले. अधिक महिना संपत चालला होता.

उत्तर काकूंनी दिलं, तेही तांदूळ निवडता निवडता. "आजी गेल्यावर दिवा ठेवशील ना? पीठ पसरून? मग कूलर कसा चालेल तुझा?"

मला पटकन समजलं नाही. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "आमचे हे गेले तेव्हा मे महिनाच होता. दिवा विझू द्यायचा नसतो. दहा दिवस कूलर बंद."

आपल्याकडे माणूस जिथे गेला तिथे जमिनीवर पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपली. पिठावर कोणाचं पाऊल उमटतं ते पाहतात. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. पण त्या दिव्याचा आणि कूलरचा संबंध मला कधी सुचला नसता. जिच्यामुळे घर गार राहायचं तीच गेली, आणि तिच्याच दिव्यासाठी नागपूरच्या मे महिन्यात दहा दिवस कूलर बंद. यात शब्दाची गरजच नव्हती. खरं वाटेना म्हणून आम्ही करून पाहिलं. मुठीएवढं पीठ, पणती, टोपली बाजूला. माझ्या हाताखालच्या पोराने कूलरचं बटण दाबलं. दिवा त्याच क्षणी गेला आणि पीठ उडून थेट माझ्या लेन्सवर. काकू म्हणाल्या, "पाहिलंस?"

शेजारच्यांना मात्र हे आवडलं नाही. कोणी गेलेलं नसताना घरात असा दिवा लावायचा? काकूंनी वाद घातला नाही. फक्त एवढं ठरवलं की आतल्या खोलीत नाही, पडवीलगतच्या खोलीत लावायचा, आणि शॉट झाल्यावर पीठ त्या स्वतः भरतील. रात्री उजेड कमी पडत होता म्हणून मी पणतीत दोन वाती घातल्या, तर त्यांनी एक काढली. "याला एकच असते." मग पणतीमागे उंबऱ्याच्या आडोशाला छोटा एलईडी लपवला, त्यावर नारिंगी जिलेटिन दुहेरी करून. नीट पाहिलं तर ज्योत हलते तेव्हा भिंतीवरचा उजेड हलत नाही. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही, आता येईल.

त्या रात्रीचा एक शॉट आम्ही ठरवलेलाच नव्हता. काका दिव्यासमोर बसले होते, बंडी घामाने पाठीला चिकटलेली, हातात पंखा. मी सांगितलं होतं, नुसतं वारं घ्या. त्यांनी दोन-तीनदा पंखा हलवला, ज्योत लवली. त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी पंखा अंगाच्या दुसऱ्या बाजूला नेला, तिकडून एकदा हलवून पाहिला, परत ज्योतीकडे पाहिलं, आणि मग पंखा जमिनीवर ठेवला. ठेवतानाही सावकाश, वारं लागू नये म्हणून. मंडपात शेवटच्या रांगेसाठी ओरडणारा माणूस हा. मी कट म्हणायला विसरलो.

बाकी शूट म्हणजे आवाजाशी मारामारी. कूलर चालू ठेवून शॉट घेतले तर जोडता येत नव्हते, कारण रात्री व्होल्टेज खालीवर होतं, पंखा कमी-जास्त फिरतो आणि प्रत्येक शॉटला आवाजाची पट्टी वेगळी. शेवटी कूलर बंद ठेवूनच शूट केलं, खोलीत बेचाळीस असताना, आणि आवाज वेगळा रेकॉर्ड केला. रेकॉर्डर प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकीच्या काठाला दोरीने बांधला. पंप पाण्यात असताना गुरगुरतो. पाणी संपत आलं की मध्ये मध्ये हवा ओढतो, खरखरतो, मग कोरडा घूं आवाज. बराच वेळ तसाच राहिला तर पंप जळू शकतो. आमचा एक जळला. नव्या पंपाचा आवाज वेगळा, म्हणून इतवारीत सात पंप ऐकून आठवा घेतला. दुकानदाराने विचारलं, पाणी चढवायचं आहे की गाणं ऐकायचं आहे?

शिवाय खोलीची शांतता रेकॉर्ड करावी लागते. साउंडवाले तिला रूम टोन म्हणतात. कोणी हलायचं नाही, पूर्ण एक मिनिट. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूकडे मेट्रोचं काम चालू होतं, रात्री बारानंतरही यंत्रांची धडधड. ती थांबायची वाट बघत तीन वाजले. ते एक मिनिट मिळालं तेव्हा त्यात लांबून कुत्रं आणि काकूंचा श्वास आहे. फिल्ममध्ये आजी गेल्यानंतरच्या खोलीत मी तेच मिनिट वापरलं. कोणाला ऐकू येत नाही, पण मला माहीत आहे.

घरातल्या ट्यूबलाइटचंही एक होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, म्हणून शटर १/५० वरून हलवायचं नाही. लग्नात हे हाताला सवयीचं आहे, तरी एका रात्री विसरलो आणि चार तासांचं फुटेज पट्ट्या-पट्ट्यांचं आलं. पुढे काय झालं ते सांगत नाही.

एडिटमध्ये पहिला कट एकोणीस मिनिटांचा. मित्राने सुचवलं म्हणून बासरी टाकली. बासरी ही लग्नाच्या व्हिडिओत विदाईला वाजते, मीच टाकतो. इथे ती ऐकून मला माझीच फसवणूक ऐकू आली. काढली. ती काढल्यावर निम्मे शॉट आपोआप लांब वाटू लागले आणि फिल्म ९ मिनिटे ४० सेकंदांवर आली.

आणि पावसाचा शॉट. शेवटी पाऊस हवा, असं मनात होतं. पण अधिक महिना संपल्यावर मी लग्नात अडकलो, पहिला पाऊस हुकला. मग ६ जुलैचा तो शुक्रवार उजाडला. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन नागपुरात, विधान भवनाची वीज गेली, कामकाज बंद. सगळ्या महाराष्ट्राने आमचं पाणी टीव्हीवर पाहिलं. मी कॅमेरा पोटाशी धरून काकूंकडे पोचलो. खस काढलेला रिकामा कूलर पडवीच्या कडेला ठेवला होता आणि टिनावरून येणारी धार बरोबर त्याच्या टाकीत पडत होती. टाकी भरत गेली, वाहायला लागली. मी लावून दिला असता तरी असा शॉट जमला नसता.

तो फिल्ममध्ये नाही. ज्यांनी पाहिला त्या सगळ्यांनी सांगितलं, हाच शेवट. मला पटलं नाही. आभाळाने टाकी भरून दिली तर आजोबांनी काय केलं? त्यांना अंधारात उठून बादली शोधावी लागते, ती कुठे असते हेही त्यांना माहीत नाही, आधी मोरीत बघतात, मग मागच्या दारी. फिल्म तिथेच संपते, नळ सुटल्याच्या आवाजावर. पावसाचा तो शॉट हार्ड डिस्कवर आहे.

महोत्सवांना पाठवताना मजा झाली. एका ठिकाणच्या फॉर्ममध्ये सबटायटलची फाइल जोडल्याशिवाय पुढे जाताच येईना. संवाद नाहीत असं कळवलं तर उत्तर आलं: अर्ज अपूर्ण. शेवटी मी एका ओळीची फाइल बनवली. सातव्या मिनिटाला, दोन सेकंद, कंसात: पंप बंद पडतो. अर्ज स्वीकारला, फिल्म घेतली नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी घेतली.

आमचा खरा शो काकूंच्या आंगणात झाला, दिवाळीच्या आधी. भिंतीवर पांढरी चादर, माझ्या लग्नाच्या कामाचा प्रोजेक्टर. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, वाक्य नसल्यामुळे थोडे नाराजच. दिवा आला तशी मागे बसलेल्या बायकांमधली कुजबुज थांबली. कोणीही माहेराचं विचारलं नाही. संपल्यावर काका म्हणाले, "आवाज मागच्याले आला का पाहा लागते." काकू काहीच बोलल्या नाहीत, चादरीच्या पिना काढत राहिल्या.

मानधन त्यांनी घेतलं नाही. अट एकच घातली: दर मार्चमध्ये येऊन कूलरची खस बदलून द्यायची. तेव्हापासून जातो. यंदा टाकीचा पत्रा तळाशी गंजला होता, त्याला डांबर लावलं. पंप अजून तोच आहे, आठवा.