चाकांच्या दोन जोड्या आणि खाडीवरचा पूल

सायकल सहलीला निघायच्या आदल्या रात्री चाकांच्या दोन्ही जोड्या काट्यावर ठेवल्या. २५ मिमी खोल रिमची (रिम म्हणजे चाकाची कड) हलकी जोडी १,२८० ग्रॅम, ५० मिमी खोल रिमची एअरो, म्हणजे हवा कापणारी जोडी १,५६० ग्रॅम. फरक २८० ग्रॅम. एवढ्यावरून आम्ही चौघं कित्येक महिने भांडत होतो, म्हणून या वेळी दोन्ही जोड्या सोबतच्या गाडीत टाकल्या. पहिला दिवस ११० किमी सपाटी, दुसऱ्या दिवशी घाट चढून उतरायचा, तिसऱ्या दिवशी परत.

सपाटीला अर्थातच डीप रिम, म्हणजे ५० ची खोल जोडी. पहाटे वारा पडलेला होता. ही चाकं वेगात आली की घुमायला लागतात आणि त्या आवाजानेच आपण सुसाट चाललोय असं वाटतं. फसू नका. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ४५ किमी वेगाला या चाकांनी १० वॉट वाचत असतील, तर ३० च्या वेगाला जेमतेम ३ उरतात. १०० किमीत एक-दोन मिनिटं. कुणाच्या मागे चिकटून चालवत असाल तर तेही नाही.

आणखी एक, टायर. रिमची बाहेरची रुंदी टायरपेक्षा निदान ५ टक्के जास्त हवी, नाहीतर हवा रिमला धरून वाहत नाही आणि एअरोचे पैसे पाण्यात. टायरवर छापलेला आकडा बघू नका, हवा भरून कॅलिपरने मोजा. २८ मिमीचा टायर रुंद रिमवर सहज ३० भरतो. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवणारी आतली कड नसलेली असेल तर हवा ५ बारच्या वर कधीच नाही, आणि टायरही हुकलेसला चालणाराच घ्या.

नऊच्या सुमाराला खाडीवरचा लांब पूल लागला. तोवर झाडांचा आडोसा होता, पुलावर काहीच नाही. उजवीकडून वारा. एकसारखा वारा असता तर थोडं कलून चालवता येतं, पण हा झटक्यांनी येत होता. प्रत्येक झटक्याला पुढचं चाक पडद्यासारखं वारा धरायचं आणि हँडल आपोआप वळायचं. मागच्या चाकाचं तसं होत नाही, ते काही हँडलला जोडलेलं नसतं. त्यात उजवीकडून एक ट्रक गेला. क्षणभर वारा अडला आणि वाऱ्याविरुद्ध कललेला मी थेट ट्रककडे ओढला गेलो. हातभर अंतर राहिलं असेल. आमच्यातला सगळ्यात बारका, वजन ५४ किलो, पुढे ६० मिमीचं चाक लावून आला होता. त्याने पूल चालत पार केला. आम्ही हसलो, पण शहाणा तोच.

पूल संपल्यावर माझं पंक्चर. माझी जादा ट्यूब गाडीत आणि गाडी पुढे निघून गेलेली. मित्राने ट्यूब दिली, तिचा व्हॉल्व्ह ४८ मिमी. ५० च्या रिममधून त्याचं टोक जेमतेम बाहेर आलं! पंप काही केल्या धरेना. चाळीस मिनिटं रस्त्याकडेला बसलो. डीप रिम वापरत असाल तर लांब व्हॉल्व्हची ट्यूब किंवा एक्स्टेंडर (व्हॉल्व्ह लांब करणारी नळी) स्वतःच्या खिशात ठेवा, दुसऱ्याच्या भरवशावर राहू नका.

रात्री चाकं बदलली. वाटलं दोन मिनिटांचं काम, तर रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकची चकती, ब्रेक पॅडला घासायला लागला आणि गिअर अर्धवट पडायला लागले. हबाहबात, म्हणजे चाकांच्या मधल्या तुंब्यात, केसाएवढा फरक असतो. दोन जोड्या आलटूनपालटून वापरायच्या तर घरीच रोटरखाली पातळ वॉशर घालून दोन्ही जुळवून ठेवा, आणि दोन्हीवर सारखीच कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) ठेवा.

दुसऱ्या दिवशी घाट, १० किमी, सरासरी ७ टक्के. हलक्या चाकांवर उभं राहून पेडल मारलं की सायकल कशी झटकन उचलते! हीच ती मजा, जिच्यावर सगळे भाळतात. माथ्यावर बसून हिशोब केला. मी, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो, चढ ७०० मीटर, ताकद २२० वॉट. २८० ग्रॅमने वाचले नऊ सेकंद. पन्नास मिनिटांत नऊ! अर्धी बाटली पाणी खाली ओतलं असतं तरी जवळपास तेवढंच झालं असतं. रिमचं वजन दुप्पट मोजावं म्हणतात ते वेग वाढवताना, एकसारख्या चढावर नाही.

हलक्या जोडीची खरी किंमत कळली ती उतरताना. वळणावळणाला दरीतून वारा येत होता आणि हँडल जागचं हललं नाही. खांदे सैल ठेवून उतरलो. वेळही इथेच वाचला, कारण धास्तीने ब्रेक दाबावे लागले नाहीत. आमचे डिस्क ब्रेक होते. कार्बन रिमवरच ब्रेक लागत असेल तर लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवू नका, रिम तापते. थोडा थोडा, पण जोरात दाबा.

परतीला मी पुढे २५ चं, मागे ५० चं चाक लावलं. दिसायला विजोड. ज्याला जोडी एकच घ्यायची आहे त्याने आधी पुढच्या चाकाचं ठरवावं, असं माझं मत झालंय. आपलं वजन किती, रस्ता किती उघडा, एवढंच बघायचं. ६० किलोच्या आत असाल तर पुढे ३५ मिमीच्या वर जाऊ नका. काट्यावरचा आकडा शेवटी.

पुलाच्या तोंडाशी बारका थांबला. माझ्या पुढच्या चाकाकडे बघून म्हणाला, "अरे, पुलापुरतं दे ना."

दिलं. त्याचं ६० चं चाक लावून मी पूल चालत पार केला.