दार उघडं की बंद?

पावसाळा लागला की मांजराच्या घरातली भांडणं बाथरूमच्या दारापाशी येतात. एकाला दार बंद हवं, कारण ओल्या पंजांचे ठसे थेट गादीवर उमटतात. दुसऱ्याला उघडं हवं, कारण मांजराचा शी-शूचा डबा आत आहे. खरं तर दोघांचंही बरोबर. चुकलेली असते ती डब्याची जागा. आपली बाथरूमं कायम ओली. बादलीतलं पाणी उडून डब्यातली बेंटोनाइटची (ओल लागली की गोळे धरणाऱ्या मातीची) वाळू भिजली की तिचा चिखल होतो, आणि चिखलात पाय घालायला मांजर तयार नसतं. मग ते पायपुसण्यावर नाहीतर मोरीच्या जाळीवर बसतं आणि 'मुद्दाम करतंय' असा निकाल लागतो.

डबा पॅसेजच्या कोरड्या कोपऱ्यात हलवावा, वॉशिंग मशीनपासून लांब. एकदम नको, रोज हातभर सरकवत न्यावा. लांबी मांजराच्या दीडपट, वाळू दोन-तीन इंच. मांजरं जितकी, त्याहून एक डबा जास्त. (दोन खोल्यांत दोन मांजरांचे तीन डबे म्हटल्यावर जे भांडण होतं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.) गोळे सकाळ-संध्याकाळ काढावेत. ते कमोडमध्ये टाकायचे नाहीत; बेंटोनाइट पाण्यात फुगतं आणि पाइप तुंबतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. विष्ठेतला टोक्सोप्लाझ्मा हा गर्भाला घातक परजीवी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई टाळू नये.

पण सगळ्यात हट्टाचा वाद फिनाईलचा. वास आला की ओता फिनाईल, ही सवय पिढ्यांची. त्यातली फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि मांजर फरशीवर चालून पंजे चाटतंच. बेसिनमधल्या डांबरगोळ्याही तशाच विषारी, त्या आधी काढाव्यात. ब्लीचिंग पावडर तर मूत्रावर अजिबात नको: त्यातल्या अमोनियाशी संयोग होऊन घशाला झोंबणारा वायू सुटतो.

मूत्र सांडलं तर जुना कपडा दाबून टिपावं, पुसत पसरवू नये. मग साध्या पाण्याने धुऊन एन्झाइमचं (मूत्रातले वासाचे घटक तोडणारं) क्लीनर ओतावं, दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यावं आणि आपोआप वाळू द्यावं. आधी फिनाईल पडलं असेल तर भरपूर पाण्याने काढावं, नाहीतर एन्झाइम निकामी होतात. मूत्रातल्या युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत. म्हणूनच उन्हाळ्यात 'गेला' वाटलेला वास पहिल्या पावसात परत येतो आणि दोष नव्याने मांजरावर जातो.

आणि बोका पुन्हा पुन्हा डब्यात बसून जोर करत असेल, वाळू मात्र कोरडीच राहत असेल, तर दार आणि फिनाईल दोन्ही राहू द्यावं. मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री त्याला पशुवैद्याकडे न्यावं.