दोरीचा वळ

मुंबईत, गोराईच्या एका वाडीत आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी तिरंदाजी करतो. मागे मातीचा बांध, त्यापुढे पेंढ्याचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांपासून वीस पावलांवर आम्ही. धनुष्यं साधी, बांबू आणि लाकडाची. माझं ३५ पौंडांचं आहे, म्हणजे पूर्ण ताणलं की बोटांवर सोळा किलोच्या आसपास ओढ येते. बाण सुटतो तेव्हा ती सगळी ओढ घेऊन दोरी पुढे धावते, आणि धनुष्य धरलेल्या हाताचं कोपर जरासं जरी आत वळलेलं असलं तरी हाताला फटकारून जाते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच गेले त्या रविवारी तसंच झालं. मनगटाच्या चार बोटं वर वळ उठला. आधी लाल, मग जांभळा, आठवड्याने पिवळा.

त्या आठवड्यात मी ठरवलं की हाताची पट्टी करून घ्यायची. विकत मिळणारी प्लॅस्टिकची नाही, चामड्याची, माझ्या हाताच्या मापाची आणि याच शहरात केलेली.

या हट्टामागे एक जुना शब्द आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं ७५ वं सूक्त सगळं लढाईच्या साहित्यावर आहे. धनुष्याची दोरी तिथे प्रिय माणसासारखी कानाशी येऊन कुजबुजते. भाता म्हणजे पुष्कळ लेकरांचा बाप. आणि चौदाव्या ऋचेत हाताची पट्टी येते, तिचं नाव हस्तघ्न. सापाने वेटोळं घालावं तशी ती हाताभोवती बसते आणि दोरीचा तडाखा आपल्यावर घेते. ज्याने हे रचलं त्याने स्वतःच्या हातावर वळ पाहिलेला असणार, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं. पुढे रामायणात विश्वामित्रांच्या मागोमाग निघालेल्या राम-लक्ष्मणांच्या वर्णनातही धनुष्याबरोबर गोधा आणि अंगुलित्राण आहेत. अंगुलित्राण बोटांसाठी, गोधा हातासाठी. गोधा म्हणजे घोरपडही. म्हणजे दोन राजपुत्र निघाले, तर कवीने त्यांची हातपट्टीसुद्धा विसरू दिली नाही.

मुंबईत बाणाची गोष्ट निघाली की सगळे वाळकेश्वरला बाणगंगेकडे बोट दाखवतात. रामाने बाण मारला आणि पाणी आलं, ही कथा मीही लहानपणी आत्याचा हात धरून त्या पायऱ्यांवर ऐकली. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि कुंडात गोडं पाणी, याचं तेव्हाचं नवल अजून तसंच आहे. पण बाण मारणाऱ्याच्या हाताला काय बांधलं होतं, हे विचारायचं तर वाळकेश्वर सोडून धारावीला जावं लागतं.

शनिवारी सकाळी माहीम स्टेशनला पूर्वेकडे उतरले. संत रोहिदास मार्गावर चामड्याच्या दुकानांची रांग आहे, काचेमागे जाकिटं, पर्स, पट्टे. दुकानांतल्या लोकांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या आणि तयार माल दाखवला. चौथ्या दुकानातल्या मुलाने मात्र मागच्या गल्लीकडे हात केला. "पोटमाळ्यावर काका बसतात. विचित्र कामं तेच करतात."

शिडी चढून वर गेले. दहा बाय बाराची खोली, खिडकीशी संत रोहिदासांची तसबीर, सोल्यूशनचा उग्र वास आणि त्याच्या खाली चामड्याचा, थोडा मातीसारखा, थोडा झाडाच्या सालीसारखा. काका साताऱ्याकडचे, सत्तरीला टेकलेले. त्यांना मी वळ दाखवला, धनुष्य पिशवीतून काढून हातात धरून दाखवलं. त्यांनी पट्टीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते असं, "ताई, दोरी येते कुठून आणि जाते कुठं?"

मी सांगितलं. ते थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे आतल्या अंगाला काहीच नको. टाका नको, बक्कल नको, गाठ नको. दोरी अडकंल." हे मीच त्यांना बजावून सांगणार होते. ज्याने आयुष्यात धनुष्यातून बाण सुटताना पाहिला नाही, त्याला हे अर्ध्या मिनिटात कळलं.

माप त्यांनी टेपने घेतलंच नाही. वर्तमानपत्राचा कागद हाताला गुंडाळला, आणि मला आधी हात सैल सोडायला लावला, मग धनुष्य धरतात तशी मूठ आवळायला. दोन्ही वेळा पेन्सिलची खूण केली. अर्ध्या बोटाचा फरक आला. "हात फुगतो. सैल हातावर माप घेतलं तर तिसऱ्या बाणाला रग लागंल."

मग दोन तुकडे पुढे टाकले. दिसायला सारखेच, तपकिरी. त्यांनी दोन्हींची कापलेली कड दाखवली. एकाची आतून निळसर करडी, दुसऱ्याची आरपार तपकिरी. निळसर ते क्रोमच्या क्षारांत कमावलेलं, मऊ, लवचीक, पर्सला उत्तम. पण ओलं करून आकार दिला तरी तो धरून ठेवत नाही. दुसरं बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवलेलं, कोल्हापूरकडून आलेलं म्हशीचं कातडं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच आत गेला आणि काळा डाग उमटला. कोल्हापुरी चपलेचं कातडं असंच कमावतात. बैलाचं आता नाही, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर ते राज्यात मिळेनासं झालं, असं ते म्हणाले आणि विषय तिथेच ठेवून त्यांनी रापी उचलली.

रापीचं काम बघत राहावं असं असतं. पातं कातड्यावर ढकलायचं नाही, झुलवायचं. एका वळणात पट्टीचा बाहेरचा आकार निघाला, मनगटाशी अरुंद, वर रुंद, कोपराच्या घडीच्या तीन बोटं खाली संपणारा. मग कडा आतून तासून पातळ केल्या, म्हणजे त्या हाताला रुतणार नाहीत. बाहेरच्या बाजूला दोन्ही काठांवर आरीने पाच-पाच भोकं पाडली, वादी ओवायला. वादीही त्याच कातड्याची. पट्टी कोमट पाण्यात बुडवली, बुडबुडे यायचे थांबले तशी बाहेर काढून माझ्या हातावर बसवली आणि वरून सुती कापडाची चिंधी घट्ट गुंडाळली.

"आता तासभर हलायचं न्हाई."

तो तासभर मी एका हाताने चहा प्यायले. काकांनी तेवढ्यात बोटांची पट्टी केली, बकरीच्या पातळ कातड्याचे दोन थर, गुळगुळीत बाजू दोरीकडे, बाण धरायला मध्ये चीर. दोन थर जोडताना मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी समोरासमोर टाके. एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. हे करता करता त्यांनी विचारलं, "एकलव्याचा अंगठा गेल्यावर तो दोरी कशी ओढायचा ओ?" मी त्यांना सांगितलं की आम्ही तीन बोटांनी ओढतो, अंगठा लागतच नाही, एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. अंगठ्याने ओढायची पद्धत निराळी, तिथे अंगठ्यात कडं घालतात, मुघलांकडे ती कडी जेडसारख्या दगडाचीही असत. आणि भिल्ल तिरंदाज एकलव्याची आठवण म्हणून अंगठा दोरीला लावत नाहीत असं सांगतात. काकांचा हात थांबला. "म्हंजे त्याचं शिकणं थांबलं न्हाई," ते म्हणाले आणि पुढचा टाका घातला.

खाली गल्लीत दारादारांवर सर्वेक्षणाचे आकडे रंगवलेत. काकांच्या शिडीपाशीही एक आहे. पुनर्विकासात आपली खोली कुठे जाणार हे त्यांना माहीत नाही. मला त्याची काळजी वाटते. रापी कुठेही नेता येईल. पण कातडं दुसऱ्या गल्लीत, दोरा तिसऱ्या, बक्कल चौथ्या, आणि 'विचित्र कामं' वर पाठवणारा मुलगा समोरच, ही सगळी मांडणी एकत्र उचलून नेता येत नाही.

चिंधी सोडली तेव्हा पट्टी माझ्या हाताच्या आकाराची झाली होती. सावलीत वाळवायला सांगून काका म्हणाले, "पुरी करत न्हाई अजून. तेल न्हाई, घासाई न्हाई. उद्या बाण मारा आणि तशीच आणून दाखवा."

रविवारी गोराईची बोट धरण्याआधी बोरिवलीत एकसरला गेले. तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, बघायचे कधीपासून मनात होतं. जहाजांच्या लढाईमुळे ते प्रसिद्ध आहेत. वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं दगडात कोरलेली आहेत. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमाराला जी झुंज झाली, ज्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला, तिच्याशी बरेच अभ्यासक हे वीरगळ जोडतात. पण मी गेले होते जमिनीवरच्या लढाईसाठी. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमधलं वर्णन मी मोबाईलवर घेऊन ठेवलं होतं. त्यात एका शिळेवर दोन गडी पाठ फिरवून निघाले आहेत आणि एक धनुर्धर समोरच्या भाले-तलवारवाल्यांना एकटा तोंड देतोय.

दगड फार झिजलाय. ऊन तिरपं होतं म्हणून रेषा थोड्या उठून दिसत होत्या. धनुष्य धरलेला हात म्हणजे आता एक गोल उंचवटा आहे. त्याच्या मनगटावर काही बांधलंय का, ते मी पुष्कळ वेळ शोधलं. दिसलं नाही. माझ्या हातावर कच्ची पट्टी होती, अजून थोडी दमट. तशीच थोडा वेळ त्याच्यासमोर उभी राहिले. बाजूने एक बाई दुधाची पिशवी घेऊन जात होत्या. त्यांनी विचारलं, "काय शोधताय?" म्हटलं, "ह्याचा डावा हात." त्याही थांबून वाकून बघू लागल्या.

बोटीतून खाडी ओलांडायला दहा मिनिटं पुरतात. दोन्ही बाजूंना तिवरं आणि पलीकडे पॅगोड्याचा सोनेरी घुमट. वाडीत पोचल्यावर मी तीस बाण मारले. पहिले दहा नीट गेले. नंतर दोरी लागायला लागली, पण आता 'चट्ट' असा आवाज न येता 'थप्' असा येत होता, आणि हाताला नुसता धक्का जाणवत होता. कच्च्या कातड्यावर दोरीने रेघा उठवल्या होत्या.

पुढच्या शनिवारी काकांनी पट्टी खिडकीशी नेली. तिच्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेन्सिल घेऊन दोन रेघांना टेकवली. "ह्या पयल्या. सरळ हैत, हलक्या. आणि ह्या नंतरच्या, तिरक्या, खोल. तुमी दमलात की कोपर आत येतं."

आमच्या गटातले दादा गेले सहा महिने मला हेच सांगत आहेत. ते माझ्या मागे उभे असतात आणि माझा हात बघतात. काकांनी तो चामड्यावरून वाचला.

तिरक्या रेघा जिथे संपत होत्या तिथे त्यांनी आतून एक पातळ तुकडा जोडला, वरची कड अर्धं बोट कमी केली, म्हणजे कोपर मोकळं फिरेल. मग कडा ओल्या करून लाकडाने घासल्या, चमक येईपर्यंत. शेवटी तेलाचा हात. कातडं डोळ्यांदेखत गडद होत गेलं, पण दोरीच्या रेघा बुजल्या नाहीत. त्यांनी त्या मुद्दाम राहू दिल्या होत्या. पावसाळ्यात बुरशी धरेल, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायची नाही, कापडात ठेवायची आणि महिन्यातून एकदा तेल द्यायचं, असं बजावलं. दोन्ही पट्ट्यांचे मिळून सहाशे रुपये सांगितले. मी हजार ठेवले. त्यांनी दोनशे परत केले आणि उरलेल्या दोनशेंचा बाण ठेवायला भाता शिवून देतो म्हणाले, पुढच्या महिन्यात.

वर्तमानपत्राचा तो कागद त्यांनी घडी घालून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. मी विचारलं, आमच्या गटातल्या बाकीच्यांची मापं घेऊन येऊ का?

"मापं नगं," ते म्हणाले. "माणसं घेऊन या. आणि येताना बाण मारून या."

पुढच्या शनिवारी आम्ही पाच जण जाणार आहोत. पोटमाळ्यावर एका वेळी दोघंच मावतात, बाकीचे खाली गल्लीत थांबतील.