हॅम्बल्डन खोऱ्यातील वहिवाटीची फेरी

लंडनच्या पश्चिमेला बकिंगहॅमशर परगण्यात, टेम्स नदीच्या काठापासून उत्तरेकडे चिल्टर्न टेकड्यांत शिरणारे हॅम्बल्डनचे खोरे आहे. हॅम्बल्डन गावातून निघावे, स्कर्मेट, फिंगेस्ट आणि टर्विल ही गावे पाहावीत आणि बीच वृक्षांच्या रानातून पुन्हा हॅम्बल्डनला यावे, अशी ही सुमारे १२ किलोमीटरची फेरी रमतगमत चार-साडेचार तासांत पूर्ण होते. सह्याद्रीतले गड चढलेल्यांना तिच्यातील चढण किरकोळ वाटेल. मला मात्र ती विशेष प्रिय आहे, कारण तिचा बराच मोठा भाग लोकांच्या खाजगी शेतांतून आणि रानांतून जातो, आणि तरीही त्या वाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांना आहे.

हॅम्बल्डनची घरे पाहिली की पायाखालची जमीन कशी आहे ते कळते. चिल्टर्न टेकड्या खडूच्या मऊ दगडाच्या आहेत. हा दगड बांधकामाला फारसा उपयोगी नाही, परंतु त्याच्या थरांत अतिशय कठीण अशी चकमकीची गारगोटी सापडते. ही गारगोटी ओबडधोबड असल्यामुळे तिने भिंतीचा कोपरा धरता येत नाही. म्हणून येथील गवंड्यांनी कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी लाल विटांत बांधल्या आणि मधला भाग काळ्या-करड्या गारगोट्यांनी भरला. जे जवळ मिळाले त्यातूनच गावाला त्याचे रूप मिळाले, आणि कोकणातील चिऱ्याची घरे पाहून वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या गावाची नोंद १०८६ सालच्या डूम्सडे या जमीन-पाहणीच्या दप्तरात आहे. येथील चर्चच्या दफनभूमीत विल्यम हेन्री स्मिथ यांची समाधी आहे. रेल्वे फलाटांवर पुस्तकांचे स्टॉल उभारून इंग्लंडमधील प्रवाशांना वाचनाची सवय लावणारे ते हेच. त्यांचा पहिला रेल्वे-स्टॉल १८४८ मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकावर सुरू झाला. आपल्याकडे व्हीलरच्या स्टॉलवरून मासिक घेऊन गाडीत बसलेल्या पिढीने या समाधीपाशी क्षणभर थांबावे, असे मला मनापासून वाटते.

गाव सोडले की वाट शेतात शिरते. कुंपणाला जागोजागी फाटके आहेत. त्यांतील काहींची रचना अशी, की एका वेळी एक माणूस वळून जाऊ शकतो, पण गुरे अडतात. खांबावरील पिवळा बाण पायी चालणाऱ्यांची वाट दाखवतो, तर निळ्या बाणाच्या वाटेवर घोडेस्वार आणि सायकलस्वारांनाही मुभा असते. उभ्या पिकातून वाट गेलेली असेल, तर पेरणीनंतर ती पुन्हा मोकळी करून देणे शेतकऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. १९४९ च्या कायद्याने परगण्यांच्या प्रशासनांना अशा सर्व वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, आणि त्या नकाशात आलेली वाट हा चालणाऱ्याच्या हक्काचा निर्णायक पुरावा मानला जातो. लोकांनी एखादी वाट २० वर्षे उघडपणे व विनाअडथळा वापरली असेल, तर तीही सार्वजनिक ठरू शकते.

हे सारे वाचून आपल्या पाणंदी आठवल्याशिवाय राहत नाहीत. आपल्याकडेही १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, आणि तहसीलदाराला शेतरस्त्यावरील अडथळा दूर करण्याचे अधिकार आहेत. तरीही बांध कोरत कोरत पाणंद बुजते आणि भावकीतील वाद वर्षानुवर्षे चालतो. इंग्लंडमध्ये कायद्याइतकेच महत्त्व चालणाऱ्यांच्या संघटनांना आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या चिल्टर्न सोसायटीचे स्वयंसेवक झुडपे छाटतात, मोडकी फाटके दुरुस्त करतात आणि झाडांच्या बुंध्यांवर पांढरे बाण रंगवतात. असे काम आपल्या गावांत तरुण मंडळांनी हाती घ्यावे, नुसत्या अर्जांवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे.

स्कर्मेट लहानसे आहे. ते ओलांडले की फिंगेस्ट येते. तेथील चर्चचा बाराव्या शतकातील नॉर्मन मनोरा मुख्य सभागृहापेक्षाही रुंद असून त्याच्या माथ्यावर शेजारी-शेजारी दोन उतरती छपरे आहेत. असा मनोरा मी दुसरीकडे कोठेही पाहिलेला नाही. तेथून टेकडीला वळसा घेऊन टर्विलला उतरताना वर कॉबस्टोनची जुनी पवनचक्की दिसते. या गावात चित्रपट व मालिकांचे चित्रीकरण अनेकदा झाले असल्याने सुटीच्या दिवशी गर्दी असते.

परतीची वाट बीचच्या रानातून जाते. खुर्च्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेले हाय विकम येथून जवळच आहे. तेथील कारखान्यांना लागणारे खुर्च्यांचे पाय कातारी मंडळी याच टेकड्यांवरील रानांत झोपडी घालून, पायाने चालणाऱ्या लाकडी लेथवर ओल्या बीचमधून कातत असत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा कसाबसा टिकला. उंच, सरळ खोडांची आजची राने निसर्गाने आपोआप उगवलेली नाहीत. त्यांना घडवण्यात या मागणीचा मोठा वाटा आहे. रानाबाहेर आले की डोक्यावर दुभंगलेल्या शेपटीची तांबूस घार हमखास दिसते. इंग्लंडमधून नष्ट झालेली ही घार १९८९ ते १९९४ या काळात स्पेनहून पिले आणून चिल्टर्नमध्ये पुन्हा वसवण्यात आली.

येणाऱ्यांनी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतील १७१ क्रमांकाचा नकाशा जवळ ठेवावा आणि बूट घोट्यापर्यंत घट्ट बसणारे घ्यावेत, कारण ओल्या खडूवर पाय फार घसरतो. जवळचे रेल्वेस्थानक हेन्ली ऑन टेम्स आहे. एप्रिलअखेरीस आल्यास बीचची पालवी दाट होण्यापूर्वी रानात फुललेली ब्लूबेलची निळी फुले पाहायला मिळतात. मात्र ती तुडवली गेली तर पुन्हा भरायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून छायाचित्रासाठीही वाट सोडू नये.