ड्राउगरला वजन असतं

व्हायकिंगांची भयकथा कॉमिकमध्ये काढायची म्हटली की पहिल्याच पानावर दोन चुका हमखास होतात: शिंगांचं शिरस्त्राण आणि धुरासारखं तरंगणारं भूत. शिंगांचा निकाल आधी लावून टाकू. 1876 साली बायरॉइटच्या ऑपेरातल्या वेशभूषेमुळे ती लोकांच्या मनात पक्की झाली आणि मग उतरलीच नाहीत. नॉर्वेत येर्मुंडबू इथे 1943 साली सापडलेलं खरं शिरस्त्राण म्हणजे गोल लोखंडी टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी. भयकथेला तेच जास्त उपयोगी. पट्टीच्या भोकांत डोळे काढले तर माणूस; नुसतं काळं भरलं तर काय, ते वाचक आपलं आपण समजतो.

भुताचं मात्र नीट बसून बोलायला हवं. आपलं भूत हलकं. पाय उलटे, सावली पडत नाही, पिंपळावरून चिंचेवर गेलं तरी पान हलत नाही. व्हायकिंगांच्या कथांतलं भूत, ड्राउगर, तसा नाही. पुरलेलं प्रेतच उठून चालू लागतं, आणि जिवंतपणी होतं त्याहून जड झालेलं असतं. आइसलँडच्या एर्बिग्या सागामध्ये (सागा म्हणजे तिथली जुनी गद्यकथा) थोरोल्फ नावाचा खडूस म्हातारा मरतो. पुढे त्याचं प्रेत दुसरीकडे न्यायला निघतात, तर ओढणारे बैल बिथरून पळतात आणि प्रेत वाटेतच इतकं जड होतं की हलेनासं होतं. आणखी पुढे पुन्हा उकरतात तेव्हा तो कुजलेला नसतो. मरणासारखा काळानिळा, बैलाएवढा फुगलेला. बाहेर काढायला खालून ओंडका घालून तरफ लावावी लागते.

म्हणूनच बडोद्याच्या सयाजीबागेतल्या म्युझियममधली इजिप्शियन ममी समोर ठेवून ड्राउगर काढू नका. ममी सुकलेली, हाडांवर चिकटलेली. ड्राउगर फुगलेला, कातडी ताणलेली. नायक साडेसात डोक्यांचा (डोक्याची उंची हे माप) उंच काढत असाल तर ड्राउगरची उंची तेवढीच ठेवा, खांद्यांची रुंदी दोन डोक्यांवरून तीनवर न्या आणि मान जवळजवळ गायब करा. उंची वाढवली की तो राक्षस होतो आणि भीती जाते. मग वजन दाखवा, आणि ते त्याच्या अंगात नाही, आजूबाजूला दाखवा. नायकाचा पाय बर्फात घोट्यापर्यंत रुततो तिथे याचा पोटरीपर्यंत. बाकाची फळी मधे वाकलेली. अंगावरचा सदरा शिवणीला उसवलेला. गुडघे फार वाकवू नका; तो चालतो तेव्हा अख्खा देह एका बाजूला कलंडून मग दुसरा पाय येतो.

भाषांतराचाही मोह टाळा. ‘वेताळ’ लिहिलात की वाचकाच्या डोळ्यांपुढे विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत येतं, जे कोडी घालतं. त्यातल्या त्यात जवळचा आपला समंध, कारण थडग्यात बसून आपल्या धनावर पहारा करणारा नॉर्स मुडदाही आहे. तरी ‘ड्राउगर’ हाच शब्द ठेवा, दोन पानांत वाचक सरावतो.

घराचा नकाशा पहिल्या अंकाआधीच कागदावर पक्का करा. लांबट घर, मातीगवताच्या ढेपांच्या मीटरभर जाड भिंती, मधोमध चूल, धुराला छपरात भोक. खिडक्या धरूच नका. म्हणजे रात्रीचा सगळा उजेड खालून येणार: हनुवटी आणि नाकपुड्या उजळ, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. थोरोल्फचं प्रेत दारातून नेत नाहीत, त्याच्या पाठीमागची भिंत फोडून तिथून काढतात. या एका तपशिलात तीन अंकांचा मसाला आहे: लिंपून बंद केलेली ती जागा प्रत्येक आतल्या दृश्यात कोपऱ्यात दिसू द्या, काही न बोलता. आणि ड्राउगर घरावर आधी वरून येतो. छपरावर बसून टाचा आपटतो, घोड्यावर बसल्यासारखा. त्यासाठी पॅनलच्या, म्हणजे चित्राच्या चौकटीच्या, वरच्या कडेला चिकटून एकच ‘धप्’ पुरे. तीन पॅनल तेच, आतली माणसं जेवायची थांबलेली.

बडोद्यात बसून बर्फाळ प्रदेश काढताना सगळ्यात मोठी गफलत बर्फाची होत नाही, उन्हाची होते. डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडे भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 44 अंशांवर असतो. सहा फुटी माणसाची सावली जेमतेम सहा फूट. त्याच दिवशी आइसलँडच्या दक्षिण भागात तो तीन अंशांच्याही खाली, आणि दिवस चारेक तासांचा. तिथे त्याच माणसाची सावली शंभर फुटांहून लांब पडते. म्हणजे माणूस पॅनलमध्ये येण्याच्या कितीतरी आधी त्याची सावली येते. हे फुकट मिळालेलं भय आहे आणि बहुतेक जण पायाखाली छोटा काळा डाग काढून ते वाया घालवतात.

जहाजाचा अंदाज सयाजीबागेतल्या त्याच म्युझियममध्ये घ्या. तिथला निळ्या देवमाशाचा सांगाडा सुमारे 70 फूट आहे. नॉर्वेत 1904 साली उकरलेलं ओसेबर्ग जहाज 21.58 मीटर, म्हणजे जवळपास तेवढंच. रुंदी पाच मीटरच्या थोडी वर. सांगाड्याच्या शेपटीकडून डोक्याकडे बघत एक रेखाटन करा, फासळ्या म्हणजे जहाजाच्या आतल्या वाकड्या कमानी धरा. बाहेरून ओकच्या फळ्या एकमेकींवर चढवून लोखंडी रिबिटांनी जोडलेल्या, ओसेबर्गला बाजूला बारा. वल्ही एकूण तीस. सुकाणूचं वल्हं मागे मधोमध काढू नका, ते उजव्या बाजूला असतं. समुद्रातल्या सापासाठी विश्वामित्री नदीतली मगर बघावी (पुलावरून!): पाण्याबाहेर फक्त डोळे आणि नाकपुड्या, बाकीचा देह वाचकाने धरायचा.

आता पानं. सेंटर पिनच्या, म्हणजे घडीवर पिना मारलेल्या, अंकाची पानं चारच्या पटीत लागतात; 24 सोयीची. पान उलटल्यावर डावीकडचं, म्हणजे सम क्रमांकाचं पान अचानक समोर येतं, म्हणून ड्राउगरचं पहिलं दर्शन सम पानावर, आणि त्याआधीच्या विषम पानाचा शेवटचा पॅनल शांत. उलट केलंत तर समोरासमोरच्या पानांवर नजर आधीच पळते आणि धक्का मरतो. 12 आणि 13 एकाच कागदावर सलग येतात, जहाजाचं मोठं चित्र तिथे. घडीवर चेहरा ठेवू नका, पिना नेमक्या तिथेच बसतात.

रात्रीच्या पानांवर काळा भराव भरपूर येतो. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत तो वरून सुकलेला वाटतो, आत ओला असतो. त्यावर पांढऱ्याने बर्फ शिंपडलात की करडा चिखल होतो. रात्रभर ठेवा, आणि कागद चारही बाजूंनी टेपने बोर्डाला चिकटवल्याशिवाय भराव सुरू करू नका, नाहीतर फुगतो. रेषांचं स्कॅनिंग निदान 600 डीपीआयला. छपाईत नुसता 100 टक्के काळा मॅपलिथोवर (बिनचकाकीच्या कागदावर) राखाडी दिसतो. त्याखाली 60 टक्के सायन (छपाईची निळी शाई) द्या. काळा गडद होतो आणि निळसर थंडही, जो इथे हवाच आहे. संवादाची अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत. चार रंगांत गेली आणि प्लेट केसभर सरकली की मात्रांना रंगीत कडा येतात.

संवादाच्या फुग्यांत ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात; अक्षराच्या दीडपट ठेवा. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपींची मांडणी सुरू केलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. छापखान्यात फाइल देण्याआधी सगळा मजकूर आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका. इथल्या छापखान्यांत दिवसभर गुजराती मजकूर हाताखालून जातो, आणि गुजरातीला शिरोरेषाच नसते. तुमची शिरोरेषा मधेच तुटलेली असली तरी मशीनवरच्या माणसाला त्यात काही चुकलंय असं वाटणार नाही. प्रूफ स्वतः वाचा, आणि रून, म्हणजे व्हायकिंगांची अक्षरं, कोरलेल्या दगडाचा पॅनल असेल तर तोही मोजून बघा: व्हायकिंग काळातल्या लिपीत 16 चिन्हं होती, 24 ची त्याआधीची.